विक्रमचं पान

ऋषभने पहिली लाथ मासिकांच्या टेबलाला घातली आणि दुसरी चिंतामणरावांच्या खुर्चीला. खुर्चीत चिंतामणराव होते. सत्तरी ओलांडलेला माणूस तो, धाडकन आडवा झाला, कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि भुवईतून निघालेलं रक्त चष्म्याच्या काचेवर पसरलं. जुनी इंदूर भागातल्या त्या मराठी वाचनालयात आजवर भांडणं झाली ती फार तर पंखा कुणाच्या डोक्यावर असावा यावरून.

आत्ताआत्तापर्यंत सगळं कसं मजेत चाललं होतं. शंतनूच्या नव्या कादंबरीवर चर्चा होती. शहरातली पोरं, त्यांच्या टोळ्या, चाकू, खून. चिंतामणराव म्हणाले होते, "असल्या पुस्तकांनीच पोरं बिघडतात." स्वतः मात्र पठ्ठ्याने एका बैठकीत संपवलं होतं. राऊ गावच्या कॉलेजातली पलक म्हणाली, "काका, तो मर्डरवाला सीन एकदम रियल आहे. मी दोनदा वाचला." तोंडात कचोरी धरून सगळे पोटात शिरणाऱ्या चाकूविषयी बोलत होते. मेल्यांना घास तरी कसा उतरत होता, असं शालिनीला वाटून गेलं. वाचनालय तीच सांभाळायची, कचोऱ्याही तिनेच मागवल्या होत्या.

कोपऱ्यात रुपाली जगदाळे पुस्तक मांडीवर घेऊन गप्प बसली होती. ती का येते, ते शालिनीलाच ठाऊक होतं. रुपालीचा विक्रम गेल्या वर्षी कृष्णपुऱ्याच्या समाध्यांच्या छत्र्यांमागे, नदीकाठी मारला गेला. दुसऱ्या टोळीच्या पोरांनी मारला. कादंबरीतला पोरगाही तसाच, तिथेच मरतो. पोटात दोन वार, बाहेर आलेली आतडी हाताने आत दाबत पायऱ्या उतरतो आणि पाण्याजवळ पडून म्हणतो, "आई, मला जवळ घे गं." ते एक पान वाचायला रुपाली रोज यायची. पुस्तक घरी नेण्याची सोय नव्हती. तिचे यजमान दौलतराव यांनी पोराचे कपडे, फोटो सगळं जाळलं होतं, नाव काढायचीही बंदी होती.

आणि लेखक शंतनू शालिनीला म्हणाला होता, "ताई, त्या मुलाला मी कधी बघितलंही नाही. ते आई-बिई सगळं माझ्या मनाचं." हे रुपालीला सांगायला शालिनीची जीभ काही रेटली नव्हती.

"वो किताब कुठंय?" ऋषभ ओरडला. मागे त्याचे दोन साथीदार दार अडवून उभे होते. "विक्रमभिया रडला, असं लिहिलंय म्हणे. आमचा भाई हसत हसत गेला. सगळ्या मोहल्ल्यात मजाक होऊन राहिलाय."

त्याने शालिनीचं मनगट पिरगाळलं आणि चाकूचं पातं तिच्या गळ्याला लावलं. "मावशी, ते पान फाड. अपने हाथ से."

देवाशप्पथ, तिला फाडून मोकळं व्हायचं होतं. पण नजर रुपालीच्या मांडीवर गेली.

"नाही फाडणार," ती म्हणाली.

त्याने तिच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की ओठ फाटून तोंड रक्ताने भरलं. पलक रडायला लागली. तेवढ्यात ऋषभला कोपऱ्यातलं पुस्तक दिसलं. झेप घालून त्याने ते ओढलं, बाई सोडेना, पान अर्धं टरकलं. मग त्याने तिच्या खांद्यावर लाथ हाणली. ती भिंतीवर आदळली, डोक्यावरचा पदर खाली आला.

"काकी?" ऋषभ म्हणाला. तिच्या हातच्या पोळ्या खाऊन वाढलेला पोरगा तो.

पुस्तक पोटाशी धरूनच रुपाली सावरून बसली. "मारून झालं ना? आता सांग. तू होतास तिथे?"

चाकूचा हात खाली आला. "होतो."

"शेवटपर्यंत?"

त्याने मागे वळून दाराकडे बघितलं. साथीदार त्याच्याकडे बघत होते.

"विक्रमला पहिला वार लागला आणि मी पळालो, काकी. पुलावरून. मागे बघितलंच नाही."

"मग तो हसला का रडला, तुला काय माहीत?"

ऋषभ मटकन खाली बसला, सांडलेल्या मासिकांवर. दारातले दोघे कधी निघून गेले, कुणाला कळलं नाही. पलकने आपली ओढणी चिंतामणरावांच्या भुवईवर दाबून धरली.

रुपाली शालिनीकडे वळली. "ताई, लिहिणाऱ्याला हे कोणी सांगितलं असेल?"

शालिनीने तोंडातलं रक्त गिळलं. "कोणीतरी जवळ असणारच. त्याशिवाय एवढं कोण लिहील?"

"म्हणजे एकटा नव्हता तो."

"नव्हता."

रुपालीने डोळे मिटले आणि पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडली. शालिनी तिच्याजवळ जाऊन बसली. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या वाचकाला चार लोकांत झापणारी बाई ती. तिने पुस्तक अलगद काढून घेतलं, अर्धं टरकलेलं ते पान शिवणीपासून जपून फाडलं आणि रुपालीच्या हातात दिलं.

रुपालीने घडी घालून ते पोलक्यात ठेवलं. मग पदर नीट केला आणि उठली. दौलतराव यायच्या आत तिला घरी पोचायचं होतं.