त्रेचाळीस खुर्च्या

मिलर्स हा आमचा हॉकीचा संघ टॅमरॅक गावातच राहिला, तर ओरिसिया बोदनारचुकला मिळणार होतं ते एवढंच: नवव्या रांगेत, गेलेल्या नवऱ्याच्या, पेत्रोच्या, रिकाम्या खुर्चीशेजारी आणखी अकरा संध्याकाळी. पाच या हिवाळ्यातल्या, सहा पुढच्या. मग नोव्हेंबरमध्ये पेत्रोला जाऊन वर्ष होणार होतं.

नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर एक ताट मेलेल्याचं मांडतात. ते टेबलावरून बर्फावरच्या हॉकीच्या रिंकवर कधी गेलं, कोणालाच आठवत नाही. पण वर्षाचं तिकीट असलेला माणूस गेला, की त्याची जर्सी खुर्चीच्या पाठीवर घालायची, घरच्यांनी पैसे भरत राहायचं आणि वर्षभर तिथे कोणाला बसू द्यायचं नाही. वर्षाच्या आत कोणी बसलंच, तर ताट उचललं असं समजायचं. पुन्हा मांडता येत नाही. कुठल्या खुर्च्या झाकलेल्या आहेत याची यादी ओरिसियाकडे असे. तिकीटखिडकी तीच सांभाळायची. त्या साली थंडीतल्या तापाने म्हातारे भराभर गेले आणि यादी त्रेचाळीसवर पोचली.

हॉकीचा संघ कुठे असावा, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. जिथे तळं गोठतं तिथे, आणखी कुठे? तो पडला मालकाला. गॉर्डन लीसन वर्षातून दोनदा यायचा, बर्फात पातळ तळव्यांचे बूट घालून, आणि दर वेळी दारातच घसरायचा. फेब्रुवारीत त्याचं पत्र आलं. लीगला शंका आहे की नऊ हजार वस्तीच्या गावाला धंदेवाईक संघ झेपतो का. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लीगचा माणूस दारात उभा राहून डोकी मोजेल. अडीच हजार भरली तर संघ राहील.

खुर्च्या पंचवीसशे चाळीस. तिकिटं सगळी विकलेली. त्रेचाळीस वजा केल्या की उरतात चोवीसशे सत्त्याण्णव. म्हणजे तीन कमी.

चर्चच्या तळघरात सभा भरली. बटाटा भरलेल्या पेरोगी गार होईपर्यंत कोणी मुद्द्यावर आलं नाही. शेवटी वासिल कुश्निर उठला. हा दहाव्या रांगेत, बरोबर पेत्रोच्या मागे बसायचा. धान्य चढवायचं यंत्र पेत्रोने वाकवून परत केलं, म्हणून बावीस वर्षं तो त्याच्याशी बोलला नव्हता. बोलायचं झालंच तर ओरिसियामार्फत: त्याला सांग, टोपी काढ, मला गोल दिसत नाही. ती सांगायची. पेत्रो तिलाच म्हणायचा, त्याला सांग, तसाही तुला कधी दिसला नाही.

वासिल म्हणाला, ''मेलेल्यांची डोकी लीग मोजत नाही. तीन खुर्च्या मोकळ्या करा नि घरी चला.''

''कोणाच्या तीन?'' ओरिसियाने विचारलं.

वासिलने यादीकडे पाहिलं आणि खाली बसला. कोणी चिठ्ठ्या टाकू म्हणालं, कोणी सगळ्यात आधी गेलेले तीन घेऊ म्हणालं. पण समोर बसलेल्या बाईला तुझा नवरा उठव, असं सांगायला एकाचीही जीभ वळेना. फादर नुसते चमचा पुसत राहिले. लोक एकेक करून ओरिसियाकडे बघायला लागले, कारण यादी तिची होती आणि तिचं दुःख अजून ताजं. ती नाही म्हणाली असती तर संघ गेला असता आणि कोणी तिला बोल लावला नसता. निदान तोंडावर.

तिने यादी टेबलावर पालथी ठेवली. मग म्हणाली, ''तिघांना उठवायचं तर सगळ्यांनाच उठवा. पहिला माझा.''

हिशेबात हे बसत नव्हतं. तीन हवे असताना त्रेचाळीस देणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

शनिवारी तिने पेत्रोची जर्सी काढली, घडी केली आणि मांडीवर घेतली. त्या जागी कोणाला बसवायचं हे तिने ठरवलं नव्हतं. वासिल आला. स्वतःच्या खुर्चीवर त्याने शेजारच्या गावातून आणलेल्या मेव्हण्याला बसवलं आणि पुढे येऊन म्हणाला, ''दुसरं कोणी बसलेलं त्याला खपायचं नाही. माझ्याशी निदान भांडेल तरी.''

''टोपी काढ,'' ती म्हणाली.

त्याने काढली. सामन्याच्या दुसऱ्या भागात त्याने सूर्यफुलाच्या बियांची पुडी तिच्यापुढे धरली, न बघता, डाव्या हाताने. पेत्रो धरायचा तशीच. बावीस वर्षं मागून पाहिलेलं होतं ना. तिने घेतल्या, पण फोडल्या नाहीत. सामना संपेपर्यंत मुठीत होत्या.

डोकी भरली पंचवीसशे चाळीस. लीगच्या माणसाने सगळ्यांशी हात मिळवले. लोक रस्त्यात भोंगे वाजवत घरी गेले.

एप्रिलमध्ये बातमी आली. मिलर्स दक्षिणेला विकले गेले होते, जिथे नाताळातही लोक बिनबाह्यांचे सदरे घालतात अशा शहराला. करार जानेवारीतच झाला होता. फक्त किंमत ठरायची बाकी होती आणि ती ठरणार होती एका शनिवारी दारातून आत गेलेल्या डोक्यांवर. अडीच हजारांची अट आमच्यासाठी होती. भाव दर डोक्याला होता.

वासिल तिकीटखिडकीवर आला तेव्हा ओरिसिया पुढच्या वर्षासाठी भरलेले पैसे लोकांना परत करत होती. त्याने आपले मोजून घेतले आणि तरी हलेना. शेवटी म्हणाला, ''तीनच दिल्या असत्या तर त्या चोराला चाळीस डोक्यांचे कमी मिळाले असते.''

''हो.''

''आणि एकही दिली नसती तर...''

''संघ तरी गेलाच असता,'' ती म्हणाली. ''मागे रांग आहे, वासिल.''

आता हिशेब. लीसनला त्रेचाळीस डोक्यांचे जास्तीचे पैसे मिळाले. ते दक्षिणेतल्या शहराने दिले, असं कागद म्हणतो. ओरिसियाच्या अकरा संध्याकाळींपैकी पुढच्या हिवाळ्यातल्या सहा मालकाने नेल्या. त्या तिने काहीही केलं असतं तरी जायच्याच होत्या. या हिवाळ्यातल्या पाच मात्र तिच्या हक्काच्या होत्या, संघ गावातच होता, खुर्चीचे पैसे भरलेले होते. त्या पाच तिने स्वतःच्या हाताने घडी करून दिल्या. बाकी बेचाळीस घरांचंही तसंच, कोणाच्या पाच, कोणाच्या दोन.