दोन गाठींची सूचना

सूचनापेटीची कल्पना माझीच. मुंबईहून व्यवस्थापनाचं पंधरा दिवसांचं शिक्षण घेऊन आलो होतो आणि जळगावच्या आमच्या जुन्या डाळमिलला शहाणं करून सोडायचं भूत माझ्या डोक्यात शिरलं होतं. साल अडुसष्ट. मालक घेवरचंदशेठ म्हणाले, "शालिग्राम, तीस वर्षं मिल चालते आहे. पेटीनं काय होणार?" मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. मिलमध्ये बी.एस्सी. झालेला मी एकटाच, त्यामुळे मला थांबवायची कुणाची टाप नव्हती.

पेटी करवून घेतली, हिरवा रंग दिला आणि सगळ्यांना गोळा केलं. "भरडताना डाळ फुटून चुरी फार पडते. ती कमी कशी होईल, सांगा. लाजू नका. ज्याला जे सुचेल ते पेटीत टाका. पुरुषाला धोतरजोडी, बाईला नवं लुगडं!" समोर तूर वाळवणाऱ्या चाळीस बाया बसल्या होत्या. त्यातल्या एकीलाही लिहिता येत नाही, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

शनिवारी दुपारी सर्वांसमोर पेटी उघडली. दोन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत 'चहा पातळ असतो', दुसरीत 'मॅनेजर फार बोलतात'. लोक हसले, मीही दात काढले. मग तळाशी हाताला चिंधी लागली. लुगड्याचा फाडलेला काठ, तेलकट, त्याला दोन गाठी मारलेल्या.

मुकादम झुलाल दोन पावलं मागे सरला. "हात नका लावू सायेब. करणी शे!"

त्याच आठवड्यात यंत्राचा पट्टा दोनदा तुटला होता. सगळ्यांना ते पटलं. आणि मी, विज्ञानाचा पदवीधर, हात मागे घेतला. घाबरलो, दुसरं काही नाही. ते कुणाला दिसू नये म्हणून ओरडलो, "कुणाचं हे?"

मागून जमना लगेच उठली. सातपुड्याच्या पायथ्याकडची बाई, चार वर्षं आमच्याकडे तूर वाळवत होती. पदर सारखा करून ती हसत पुढे आली. बक्षिसालाच बोलावलंय असं तिला वाटलं असणार.

"मीच टाकेल शे सायेब. तुमीनच सांगं ना, सुचीन ते टाका. सोडीसन तर देखा."

"गप्प बस! मिलमध्ये हे धंदे?" मी दरडावलं.

"सोडीसन तर देखा," गाठींकडे बोट करून ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा हसू गेलेलं होतं. सोमवारपासून येऊ नकोस, असं शेठनी तिला सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी मान डोलावली. जाळली तर उलटेल म्हणून झुलालनं ती चिंधी काठीनं उचलून गोदामाच्या पत्र्याखाली खुपसली.

दहा महिन्यांनी मी अकोल्याहून एक जाणकार आणले. दोन तास यंत्रापाशी उभे राहून ते म्हणाले, "मोठा दाणा आणि बारका दाणा एकत्र टाकता. बारक्याला यंत्र बेतलं की मोठा फुटतो, मोठ्याला बेतलं की बारक्याचं साल निघत नाही. आधी चाळा, मग वेगवेगळे भरडा." शेठनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली.

चाळणी बसवायला गोदामाचा पत्रा काढला आणि ती चिंधी माझ्या पायाशी पडली. मी सोडली. एका गाठीत टपोरी तूर. दुसरीत बारकी. बाकी काही नाही.

मी तिथंच पोत्यावर बसलो. त्या शनिवारी गाठ सोडायला कितीसा वेळ लागला असता?

पुढचे पंधरा दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. मग चौकशी केली. जमना फैजपूरकडे केळीच्या बागेत कामाला होती. नवं लुगडं घेऊन गेलो. बाया डोक्यावरून घड वाहत होत्या. मला पाहून ती थबकली.

"जमनाबाई, तुमची चिंधी सोडली." तिच्या नावापुढे बाई मी पहिल्यांदाच लावलं.

"मंग?"

"चाळणी बसवली. चुरी निम्म्यावर आली."

तिचा चेहरा फुलला. बायांकडे वळून ती ओरडली, "देखा वं, मनी चायनी लागनी!" माझी चाळणी लागली, असं सांगत होती ती. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. या आनंदाची नव्हती. तिनं लुगड्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आते पेटीमां बठ्ठा टाकतस ना?"

आता सगळेच टाकत असतील, असं ती धरून चालली होती. त्या शनिवारनंतर पेटीत एकही चिठ्ठी पडली नव्हती. मी फक्त तिच्यावरची धूळ पुसत होतो.

"कुणीच टाकत नाही."

तिचा हात थांबला. "मनामुये?"

"माझ्यामुळे," मी म्हणालो. पण आवाज इतका खाली गेला होता की तिला ऐकूच आलं नाही.

"काय म्हंतस, सायेब?"

वीसेक बाया घड खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.