नाव घेतल्याशिवाय थाप नाही

मी माझ्या आत्याची ओवी चोरली, असं कॉम्प्युटरचं म्हणणं पडलं.

पीएचडीचा प्रबंध दाखल करण्याआधी तो साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. माझा विषय धनगरी ओव्या. गाव जत तालुक्यातली बिरोबावाडी, आणि ओव्या रचणारी अंबूबाई ही माझी सख्खी आत्या. तिच्या तोंडून ऐकून लिहिलेलं अख्खं प्रकरण लाल होऊन आलं. जुळलं कशाशी? तर माझ्याच गाईड सरांच्या पुस्तकाशी.

सर पूर्वी आमच्या वाडीत आले होते. आमच्या घोंगड्यावर बसले, आत्याच्या हातची भाकरी खाल्ली, तिला गायला लावून रेकॉर्डिंग केलं. पुस्तकात काय छापलं? 'रचनाकार अज्ञात.' आणि पहिल्या पानावर 'सर्व हक्क लेखकाधीन.' जिनं समोर बसून भाकरी वाढली, ती अज्ञात! खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हे नव्हे.

कराडच्या कॉलेजात सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. सर चहा मागवतात तेव्हा काहीतरी गिळायला लावणार हे ठरलेलं.

"सोपं आहे, प्रांजल. प्रत्येक ओवीखाली माझं नाव घालून लिहा, 'यांच्या संग्रहातून, परवानगीने.' परवानगी मी आत्ता देतो."

"परवानगी आत्याची लागते, सर. तिनं दिलीय."

"लोकगीताला कर्ता नसतो."

"हिला आहे. जिवंत आहे. काल मेंढरांना औषध पाजत होती."

"कॉपीराइट छापणाऱ्याचा असतो. एवढं शिकून एवढंही कळत नाही?"

शिकले म्हणूनच कळत होतं. रचना जिची, तिचा हक्क. ऐकून लिहून घेतलं म्हणजे कोणी रचनाकार होत नाही. संशोधनासाठी उतारा घ्यायला कायद्यानं मोकळीक आहे, पण नाव गाळायला नाही. हे सगळं मी सरांना सांगितलं, आणि जरा मोठ्यानंच सांगितलं.

सरांनी कप बाजूला सारला. "मग माझ्या सहीशिवाय प्रबंध दाखल करून दाखवा."

माझी सगळी मेहनत त्या एका सहीला टांगली गेली. वर्गातल्या मैत्रिणी म्हणाल्या, पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस. मी आत्याला फोन लावला, सगळं सांगितलं, पुस्तकात छापलेली ओवी वाचून दाखवली. वाटलं, ती तरी भडकेल.

"आगं, लिव्ह की त्येंचं नाव," आत्या म्हणाली. "तुजी डिग्री अडवून मला काय नथ मिळणार हाय व्हय? मोकळी हो तू." मग म्हणाली, "पर ओवीची शेवटची वळ का गं कापली त्येंनी? मी तर तितंच हाय की."

मला रडू आलं. आणि रडू आलं की मला राग येतो, माझा स्वभावच तसा. त्या रात्री प्रत्येक ओवीखाली मी लिहिलं, 'रचना : अंबूबाई, बिरोबावाडी. त्यांच्या परवानगीने.' सरांचं पुस्तक फक्त संदर्भसूचीत ठेवलं, त्याच्या जागी.

मग आलं दाखल करण्याआधीचं सादरीकरण. सांगलीहून तज्ज्ञ म्हणून शकिला मॅडम आल्या होत्या. सरांनी मला आधीच दटावून ठेवलं होतं, "सगळ्यांसमोर माझ्या नावाची दुरुस्ती कबूल करा, तिथंच सही करतो." पण पाहुणे दिसले की सरांना गायचा मोह आवरत नाही. "आधी एक ओवी ऐकवतो," ते म्हणाले. "प्रांजल, ढोल घ्या." सादरीकरणासाठी मी ढोल आणलेला होताच; तो मला वडिलांनी शिकवलाय. पोरीच्या गळ्यात ढोल बघून वाडीतले हसायचे, आता हसत नाहीत.

सरांनी सूर लावला. आवाज चांगला आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू.

"मेंढरं निघाली कोकणाला, पाल घेतलं पाठीवर,
लेकीचा पाळणा टांगला गं बाभळीच्या काठीवर..."

आणि थांबले. पुस्तकात ती एवढीच आहे. लोक टाळ्यांसाठी शेवटच्या थापेची वाट बघू लागले. मी ढोल वाजवायचं टिपरू वर उचललं आणि तसंच धरलं.

"वाजवा की. ओवी संपली," सर म्हणाले.

"संपली नाही, सर. नाव राहिलं."

शकिला मॅडमनी चष्मा सरळ केला. "कसलं नाव?"

"आमच्या गजीत, म्हणजे ढोलावरच्या धनगरी नाचात, रीत आहे, मॅडम. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गावासकट येतं. ते आल्याशिवाय ढोलवाला शेवटची थाप देत नाही. गाणारा कितीही मोठा असो, नाचणारे पाय उचलून उभे राहतात."

"मग या ओवीतलं नाव कोणाचं?"

"सरांना विचारा. त्यांनी आमच्या घोंगड्यावर बसून ऐकलंय."

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सरांनी माझ्याकडे असं बघितलं की सही गेलीच म्हणायची. जाऊ दे गेली तर. हात भरून आला होता, पण खाली घेतला नाही. सरांनी घसा खाकरला, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा खाकरला.

"अंबूबाई," ते शेवटी पुटपुटले.

"गावासकट, सर," मी म्हणाले आणि टिपरू वरच धरलं.