कंपनीसारखं काम

मिस्त्रीला देवाने कसब दिलं होतं आणि त्याबरोबर घमेंडही. कसब सगळ्यांना दिसायचं. घमेंड दिसायची नाही, कारण तो बोलायचाच कमी.

बाजारात मिळणारे एलईडीचे मागचे दिवे तो असे बसवायचा, की गाडी कारखान्यातूनच तशी बाहेर पडली असं बघणाऱ्याने शपथेवर सांगावं. दिवा तापवून काच सोडवायची, आतली भडक चकाकी काळ्या रंगाने मारायची, ठिपक्याठिपक्यांचा उजेड एकसंध दिसावा म्हणून दुधी पट्टी घालायची आणि काच पुन्हा चिकटवायची. वायरींवर कारखान्यात वापरतात तसलीच कापडी टेप, तसल्याच तिरक्या वेढ्यांनी. शेवटी नटवर पिवळ्या खडूची बारीक रेघ, कारखान्यातला तपासणारा ओढतो तशी. ही रेघ म्हणजे शुद्ध लबाडी होती, पण गिऱ्हाईक नेमकं त्या रेघेवरच खूश व्हायचं.

थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने जुनी गाडी घेतली आणि तिला हौसेने असलेच दिवे आणले. डिकीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी. लावून बघितले तर नुसती सर्कस.

"मी भूगोल शिकवणारा माणूस," भाऊजी म्हणाले. "हे असं लुकलुकत शाळेत गेलो तर पोरं शिट्ट्या मारतील. जरा माणसात आण रे याला."

मिस्त्रीने दोन दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. दिवे सुरेख झाले. अडचण एकच होती. एलईडी वीज कमी खातो, त्यामुळे बल्ब गेला असं गाडीला वाटतं आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो. तो पेटू नये म्हणून वायरीला एक रेझिस्टर जोडतात. बोटाएवढा सोनेरी तुकडा, पण भलताच तापतो. म्हणून शिकाऊ माणूससुद्धा तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवतो. मिस्त्रीला तेच बघवेना. डिकी उघडली की तो तुकडा डोळ्यात खुपणार, मग कंपनीसारखं काम ते कसलं? त्याने तो ब्रेकच्या वायरींच्या जुडग्यातच दडपला आणि वरून टेप गुंडाळली. दोन्ही बाजूंचे आणि मधल्या पट्टीचे, सगळे ब्रेक लाइट त्याच एका जोडावर होते.

चौथ्या महिन्यात एका लांब उतारावर पुढे गाड्या तुंबल्या. भाऊजींनी ब्रेक दाबला आणि मागून ट्रक आला. भाऊजी जागच्या जागी गेले. ट्रकचा ड्रायव्हर कोठडीत गेला आणि पहिल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद होतं: पुढच्या गाडीचा लाल दिवा लागलाच नाही.

"चोराच्या उलट्या बोंबा," मिस्त्री म्हणाला होता, आणि अगदी मनापासून म्हणाला होता. आपलं काम चुकलं असेल हे त्याच्या मनाला शिवलंही नव्हतं.

तीन आठवड्यांनी सरकारी तपासनीस दुकानात आला. साहेब घाईत होते.

"मिस्त्री, एक गाडी बघायचीय. आमच्या माणसाला सगळं कंपनीचंच दिसतंय. पण ड्रायव्हरचा वकील चिवट आहे, जाणकाराचं मत लेखी मागतोय. दिव्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

मेलेला माणूस मिस्त्रीचा कोण होता, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनेही सांगितलं नाही. आपणच बघितलेलं बरं, एवढंच त्याला वाटलं.

जप्त गाड्यांच्या आवारात भर दुपारी तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. उजवी बाजू पार आत गेली होती. डावा दिवा मात्र शाबूत होता. साहेबांनी वाकून नटकडे बोट दाखवलं.

"ही बघा पिवळी रेघ. कारखान्याची खूण. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते सावलीत गेले. मिस्त्रीने डिकीचं आतलं अस्तर सरकवलं. टेप बाहेरून नवीकोरी होती. त्याने ती नखाने उकलली. आतल्या वायरींचं प्लास्टिक वितळून काळं पडलं होतं, जोडाचा कथलाचा डाक सुटला होता आणि तार जोडातून निसटून लोंबत होती. धडकेने तुटलेली तार कशी दिसते हे त्याला ठाऊक होतं. ही तुटलेली नव्हती. ही आठवडे न् आठवडे शिजली होती.

ड्रायव्हर अक्षर न् अक्षर खरं बोलत होता. गाडीने स्वतः ओरडून सांगितलं असतं, पण रेझिस्टर जोडून तिचं तोंड मिस्त्रीनेच बंद केलं होतं.

साहेबांचं बोलणं संपत आलं होतं. मिस्त्रीने टेप होती तशी गुंडाळली. वेढे तिरकेच पडले.

"काय, कंपनीचंच ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला. "कंपनीचंच."

साहेबांनी कागद पुढे केला. त्याने सही केली.

तिथून तो दुकानात न जाता थेट ताईकडे गेला. का गेला, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ताई भाऊजींचे शर्ट घडी करून खोक्यात भरत होती. तिने त्याला पाणी दिलं.

"तारीख जवळ आलीय," ती म्हणाली. "त्या मेल्याला सोडायला नको रे. रोज उठून तळतळाट देते मी त्याला. दिवा लागला नाही म्हणतो! आता खरं सांगू का, जायच्या आठवड्यात एकाने यांना सिग्नलला काच खाली करून सांगितलं होतं, मागचे लाइट लागत नाहीत म्हणून."

"मग?" मिस्त्रीने विचारलं.

"मग काय, हसले. म्हणाले, डॅशबोर्डवर तर काहीच येत नाही. आणि आपल्या धाकट्याचं काम आहे, त्याला उगाच कशाला विचारायचं, वाईट वाटेल त्याला."

मिस्त्री मटकन खाली बसला. तो लहान मुलासारखा रडला, आणि रडता रडता त्याने सगळं सांगितलं. रेझिस्टर, टेप, वितळलेला जोड, काही ठेवलं नाही.

ताईच्या हातातला शर्ट अर्धवट घडीतच राहिला.

"मग तिथं काय सांगितलंस?"

"कंपनीचं आहे म्हणून."

"सही केलीस?"

"केली."

ताईने शर्ट खोक्यात ठेवला. दाराशी जाऊन चपला घातल्या आणि किल्ली घेतली.

"ऊठ," ती म्हणाली. "कचेरी बंद व्हायच्या आत पोचायचंय. तो माणूस कोठडीत आहे आणि मी त्याला शिव्या देतेय. माझ्यासमोर सांगायचं तिथं सगळं."

"ताई..."

"आणि तिथून परस्पर तुझ्या घरी जा. या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस."