उतारा कुणी घ्यायचा

सत्यवतीबाईंनी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या औषध-खिडकीत काढली होती. रोग दिसला की औषध काढायचं, ही सवय त्यांच्या हाडीमाशी अशी खिळली होती की निवृत्त झाल्यावरही हात गप्प बसेना. शेजारणीला खोकला आला, दे काढा. इस्त्रीवाल्याचा गुडघा दुखतोय, लाव तेल. त्यांनी मागितलं होतं का? नाही. मागायला कशाला हवं, मला दिसतं की, असं बाईंचं म्हणणं. आणि या म्हणण्यापायीच त्यांचा एकुलता एक मुलगा चौदा महिने घरी आलेला नव्हता.

रोहनचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हाची गोष्ट. पोरगा जेवेना, झोपेना, कुणाशी बोलेना. बाईंनी काय करावं? त्याच्या ऑफिसात थेट साहेबाला फोन लावला आणि मुलाचं मन थाऱ्यावर नाही, महिनाभर सुट्टी द्या, म्हणून सांगून मोकळ्या झाल्या. रोहनला हे कळलं ते मीटिंगमध्ये, चार लोकांसमोर. त्याच संध्याकाळी तो दोन बॅगा भरून विद्यानगरचं घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोंडापूरला राहायला गेला. जाताना म्हणाला, "तुला औषध कुणी मागितलं होतं?" त्यानंतर फोन बंद. मेसेज केला तर उत्तर एका शब्दाचं, 'हौ' म्हणजे हो, नाहीतर 'नक्को'.

बाईही काही कमी नव्हत्या. त्याचा गेमचा डबा टीव्हीखाली राहून गेला होता. सहा महिने वाट पाहून त्यांनी मेसेज टाकला, "तुझा तो राक्षसांचा खेळ कसा लावतात? माझा वेळ जात नाही." त्यावर पहिल्यांदा चार ओळींचं उत्तर आलं. पुढच्या महिन्यात मायलेक हेडफोन लावून एकाच खेळात उतरले, तो तिकडून नव्या डब्यावर, त्या इकडून जुन्या. दर शनिवारी दुपारी तीन वाजता. घरचं काही बोलायचं नाही, एवढी एक अट त्यानं घातली होती.

तो तलवारवाला झाला. बाई वैदीण झाल्या, दुसरं काय होणार? सोबत एक तिरंदाज पोरगी आणि एक म्हातारा मांत्रिक होता, त्या दोघांना खेळच चालवायचा. आणि तिथंही बाईंचं तेच सुरू झालं. तलवारवाल्याच्या चेहऱ्याखाली विषाचा जांभळा थेंब दिसायचा अवकाश, पाजला उतारा. "आई, जरा दम धर की, एवढ्याशा विषानं काही होत नाही," असं तो म्हणेपर्यंत बाटली रिकामी झालेली असायची.

पण औषध-खिडकीतली बाई नुसती औषधं वाटत नाही, नोंदही ठेवते. चिक्कडपल्लीच्या दुकानातून आणलेल्या वहीत बाईंनी या खेळातले सगळे रोग लिहून काढले होते. विष, गुंगी, लकवा, भ्रम, वाचा बसणं, दगड होणं. कोणत्या प्राण्यानं कोणता होतो, कशानं उतरतो. लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आलं की या खेळात एका अंगाला एका वेळी एकच रोग धरतो. अंगात विष असलं की गुंगी चढत नाही. मग दगडही होता येणार नाही. वर्षानुवर्षं खेळणाऱ्या रोहनला हे सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "आई, कमाल आहे तुझी." हे वाक्य बाईंनी नामदेवरावांना, म्हणजे यजमानांना, त्या दिवसात चार वेळा सांगितलं.

त्याच भरात शर्त लागली. पुढं नागिणीची गुहा होती. तिची नजर पडली की माणसाचा दगड, आणि दगडावर तिची शेपटी आपटली की चुरा. त्यांनी निवडलेल्या खेळात मेलेला परत उठत नव्हता. "चौघंही या गुहेतून जिवंत बाहेर पडले ना," रोहन म्हणाला, "तर रविवारी जेवायला घरी येतो. लागली शर्त." थट्टेनं म्हणाला की खरंच, हे बाईंनी विचारलं नाही. विचारलं आणि थट्टा निघाली तर काय घ्या.

आज तो शनिवार होता. गुहेच्या दाराशी हिरवट दलदल होती. चौघं मुद्दाम तिच्यातून चालत गेले आणि चारही चेहऱ्यांखाली जांभळे थेंब लागले.

"आई, नीट ऐक. आता कुणालाच बरं करायचं नाही. विष राहू दे. तू मंत्रानं फक्त जीव भरत राहा. कळलं?"

"कळलं रे."

बाईंना कळलं होतं, त्यांच्या अंगठ्याला कळलं नव्हतं. विष दर फेरीच्या शेवटी प्रत्येकाचा दहा जीव खात होतं, आणि आकडे उतरताना दिसले की अंगठा आपसूक उताऱ्याच्या बटणाकडे सरकत होता. तिसऱ्या फेरीत नागिणीनं फणा काढून नजर रोखली. पडदा पांढरा झाला. पांढरं विरलं तेव्हा चौघंही हलत होते, कुणाचा दगड झाला नव्हता.

"चाललं," रोहन हळूच म्हणाला. "दर तीन फेऱ्यांनी बघते ती. चालू ठेव."

सहाव्या फेरीला पुन्हा नजर, नवव्याला पुन्हा. बाई मंत्र म्हणत होत्या, जीव भरत होत्या, विष ते खात होतं. मध्येच शेपटीचा तडाखा तलवारवाल्याला बसला आणि त्याचा आकडा धाडकन खाली आला. बाईंचा अंगठा उताऱ्यावर गेलासुद्धा.

"आई."

एवढंच म्हणाला तो. बाईंनी अंगठा मागं घेतला आणि मंत्र टाकला. मागं दारात नामदेवराव पेपर हातात धरून उभे होते. या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण शर्त त्यांनाही ठाऊक होती.

"मेली का ती?" त्यांनी विचारलं.

"अहो, बोलू नका."

बाराव्या फेरीला नागिणीनं चौथ्यांदा बघितलं. तिच्या जिवाची लांब लाल पट्टी आता बोटभर उरली होती. बाईंनी मंत्राचं बटण दाबलं, तर नुसताच टक्क असा आवाज आला.

"रोहन, मंत्र संपले."

"सगळे?"

"सगळे. पिशवीत एक उतारा आहे फक्त."

हेडफोनमधून त्याचं आकडे पुटपुटणं ऐकू येत होतं. तिरंदाज आणि म्हातारा यांच्याकडं जीव पुष्कळ होता. तलवारवाल्याचा उरला होता चौदा. वैदिणीचा नऊ.

"उतारा तू घे," रोहन म्हणाला.

"वेडा झालास का?"

"आई, बघ. विष दहा खातं, तुझे नऊ आहेत. आता घेतला नाहीस तर या फेरीत तू गेलीस. माझे चौदा आहेत, मी दोन वार करू शकतो. ती आत्ताच बघून बसलीय, दोन फेऱ्या तरी परत बघत नाही, तुझा दगड होत नाही. एका वारात पडली तर चौघं वाचतो."

"आणि नाही पडली तर?"

"तर माझं मी बघतो."

हिशेब बिनचूक होता, बाईंनाही दिसत होतं. पण तो जांभळा थेंब त्याच्या चेहऱ्याखाली होता. आयुष्यभर ताटातला चांगला तुकडा पोराकडं सरकवलेल्या बाईला आता शेवटचं औषध स्वतःच्या तोंडाला लावायचं होतं, पोराच्या डोळ्यांदेखत. त्यांना लाज वाटली. खेळ आहे हे काय त्यांना समजत नव्हतं? समजत होतं, तरी लाज वाटली. अंगठा उताऱ्याची खूण पडद्यावरच्या तलवारवाल्याच्या चेहऱ्यावर नेऊन थांबला. दाबलं असतं तर काय, वैदीण मेली असती, शर्त गेली असती, पण हात कसा शांत झाला असता.

"आई, मी मागितलेला नाही," रोहन म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चौदा महिन्यांपूर्वीही चढला नव्हता.

बाईंनी खूण दुसऱ्या चेहऱ्यावर नेली. वैदीण निवडली आणि डोळे मिटून बटण दाबलं.

वैदिणीनं बाटली तोंडाला लावली. तिचा थेंब गेला. तलवारवाला पुढं झाला, वार बसला, लाल पट्टी केसाएवढी झाली आणि तिथंच अडली.

"अरे यार," रोहन म्हणाला.

फेरी संपली. विषानं दहा खाल्ले. त्याचे चार राहिले. बाईंकडं द्यायला आता काहीच नव्हतं, मंत्र नाही, बाटली नाही. इतक्या वर्षांत खिडकीपलीकडच्या माणसासमोर रिकाम्या हातानं उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दुसरा वार. नागीण वेटोळं सोडून कोसळली, गुहेत उजेड आला, लांबचं दार उघडलं.

"मेली," नामदेवराव म्हणाले. "मेली ना?"

फेरी मात्र अजून संपली नव्हती. ती संपली तेव्हा तलवारवाल्यानं गुडघे टेकले, तलवारीवर रेलला आणि आडवा झाला. उघड्या दाराशी तिघं उभी राहिली.

बाईंना रडू फुटलं. आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी पदर तोंडावर धरला, पण हेडफोनचा माइक तोंडाशीच होता.

"शर्त गेली," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हौ, गेली."

"तुलाच द्यायला हवा होता रे मी."

"नक्को होता. सांगितलं होतं ना मी."

मग तिकडून नुसता पंखा फिरत असल्याचा आवाज येत राहिला. आता तो हेडफोन काढून ठेवणार आणि शनिवारही गेला, असं बाईंनी मनाशी धरून टाकलं.

"चांगली दोन मिनिटं बोट धरून बसली होतीस माझ्यावर," रोहन म्हणाला. "मला दिसत होती ती खूण इकडं. वाटलं, दाबतेच आता."

"दाबणारच होते."

"हौ. पण नाही दाबलंस." मग म्हणाला, "उद्या किती वाजता येऊ?"

दारात नामदेवरावांनी पेपर खाली केला. वांग्याची भाजी करू का, वाळलास का रे, झोप लागते का, मेसचं बंद कर आता, असं सगळं एकदम सत्यवतीबाईंच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं.

"साडेबाराला ये," त्या म्हणाल्या.