हाताचा गुण

किशोरनं फ्रिजचं दार उघडलं, दुधाच्या पिशव्या उगाच इकडच्या तिकडे केल्या आणि काही न घेताच दार लावून टाकलं. बाहेर अंगणात मांडव घातला होता. सवाष्णींची पंगत कधीच उठली होती, आता भावकी जेवत होती, आचारी भजी तळून तळून घामाघूम झाला होता, आणि घरच्या मालकाला मात्र काडीचं काम नव्हतं. वाढायला गेला की कुणीतरी हातातली बादली काढून घेई. "तुमी बसा की, दादा." बसला की दोन मिनिटांत उठे. गेले आठ महिने त्याचं हे असंच चाललं होतं. गावात, नांद्याच्या चौकात जाऊन यायचं, भाड्यानं दिलेल्या खोल्यांभोवती एक चक्कर मारायची, पाण्याची टाकी भरली का बघायची, परत यायचं.

आठ महिन्यांपूर्वी त्याच्या बायकोचं, साधनाचं, वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. सूसला सोसायटीत राहणाऱ्या लेकीनं, सायलीनं, डॉक्टर शोधला, तारीख घेतली आणि आईला नेऊन दाखल केलं. चार पायऱ्या चढल्या की धापा टाकणारी साधना आता शेजारच्या चांद्यापर्यंत पायी जाऊन येत होती. मुख्य म्हणजे तिची शुगर ताळ्यावर आली. डॉक्टरनं आधी गोळ्या बंद केल्या, मग थोड्याच दिवसांत इन्सुलिनही.

सगळ्यांना आनंद झाला. किशोरलाही झाला, खोटं कशाला बोला. पण इन्सुलिन हे त्याचं काम होतं. साधनाला सुई बघूनच चक्कर यायची, म्हणून बारा वर्षं सकाळ-संध्याकाळ त्यानंच ती दिली होती. लग्नाकार्याला गेले तरी तो सुई खिशात घेऊन हिंडायचा. जमीन बिल्डरला गेली, बैल गेले, खोल्यांचं भाडं आपोआप मोबाइलवर यायला लागलं. त्याच्यावाचून ज्याचं अडत होतं असं हे एवढंच काम राहिलं होतं, आणि तेही सुटलं. बायको बरी झाली म्हणून नवरा हिरमुसला, हे सांगावं तरी कुणाला? ऐकणारा शेण घालील तोंडात.

आजचं जेवण गोजराबाईच्या नवसाचं होतं. गोजराबाई किशोरची थोरली बहीण, चांद्याला दिलेली. साधनाला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा दवाखान्याच्या दारातच तिनं हात जोडले होते, 'माझी भावजय सुखरूप उठू दे, आई, पाच सवाष्णी जेवू घालीन आणि पहिलं पान तिचंच मांडीन.' आता नवसाच्या सवाष्णीनं पानात टाकायचं नसतं. आणि साधनाच्या पोटात तर वाटीभर जेवण मावायची मारामार.

"आक्का, पुरणाची पोळी न्हाई जायची मला," साधना सकाळीच म्हणाली होती.

"चतकोर घे. आन गुळवणी पी. पातळ हाय, आपसूक उतरतंय."

तोडगा सगळ्यांनाच पसंत पडला. साधना क्षणभर काहीतरी बोलायला गेली, पण बोलली नाही. चतकोर पोळी खाल्ली, वाटीभर गुळवणी प्यायली. गोजराबाईनं कौतुकानं वाटी पुन्हा भरली, तीही प्यायली. पान लख्ख झालं. गोजराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जरा पडते म्हणून साधना आतल्या खोलीत गेली, त्याला आता दीडेक तास झाला असेल.

करमत नव्हतं म्हणूनच किशोर त्या खोलीत डोकावला.

साधना कुशीवर पडली होती. नवं लुगडं पाठीशी घामानं चिकटलं होतं. हात लटलट कापत होते. डोळे उघडे होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते.

"साधे? ए साधे!"

ती काहीतरी पुटपुटली. शब्द लागत नव्हते, जीभ जड झाली होती.

किशोरला बारा वर्षांचा एकच हिशेब पाठ होता. गोड खाल्लं की शुगर चढते, आणि चढली की सुई.

"आक्का!" तो ओरडला. "आक्का, पळ!"

गोजराबाई धावत आली आणि दारातच छातीला हात लावून उभी राहिली. "अगं बया! चढली का रं साखर? सुई हाय का घरात?"

"हाय."

हो, होती. आठ महिने त्यानं ती फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे जपून ठेवली होती, न फोडलेली बाटली. सायलीनं दोनदा फेकायला सांगितली तरी फेकली नव्हती. सांगायची लाज वाटावी अशी गोष्ट, पण त्या भीतीतसुद्धा त्याला आतून बरं वाटलं. पाय भराभर चालले. बाटली आणली, सुई भरली, वीस युनिट, हात जरासुद्धा हलला नाही.

पलंगाच्या कडेला बसून त्यानं पदर बाजूला केला. बोटं सवयीनं बेंबीच्या डाव्या अंगाला गेली आणि तिथंच अडली. पूर्वी चिमूट धरली की मूठ भरायची. आता हाताला नुसतं कातडं लागत होतं, रिकाम्या पिशवीसारखं. इथं टोचायची कशी? आणि किती? वीस तर त्या पहिल्या अंगाला लागायची. हिला किती लागेल?

"नको," साधना म्हणाली. की तसं त्याला वाटलं.

"दे की रं! बघत काय बसलायस?" गोजराबाई कळवळली.

किती द्यायची कळेना की तो आधी साखर मोजायचं मशीन लावायचा, तेवढी शिस्त त्याला होती. त्यानं सुई उशाला ठेवली, कपाटातनं मशीन काढलं आणि तिचं बोट पुसून टोचलं. त्रेचाळीस.

"मशीन बिघडलं," तो म्हणाला आणि दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. एक्केचाळीस.

दोनशे त्यानं बघितले होते, तीनशे बघितले होते, एकदा चारशेही. हा आकडा कधी बघितला नव्हता. तो त्या काचेकडे बघत राहिला. साखर चढली नव्हती. संपत आली होती. आणि जी काय उरली होती, तीही उतरवायला तो सुई भरून बसला होता.

"आक्का, साखर आण. पाण्यात कालवून."

"साखर? साखरंनंच ही गत झालीया आन..."

"आण म्हणतो ना! जा!"

थोरल्या बहिणीवर तो जन्मात असा ओरडला नव्हता. ती गेली. त्यानं साधनाला उठवून छातीशी टेकवलं आणि साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं तोंडात सोडायला लागला. ठसका लागू नये म्हणून प्रत्येक घोट उतरेपर्यंत थांबत होता. तोंडानं त्याचं चाललंच होतं, गीळ बाई, गीळ, एवढा गीळ. हळूहळू तिचे हात थांबले. डोळे त्याच्या चेहऱ्यावर येऊन टेकले. पुन्हा बोट टोचलं, अठ्ठ्याहत्तर. त्यानं सायलीला फोन लावला. ती म्हणाली, डॉक्टरांशी बोलते, आई बसती झाली की दही दे, मी गाडी घेऊन निघालेच.

तोवर दारात बायका जमल्या होत्या. उशाची भरली सुई किशोरनं घाईत मुठीत घेतली होती, आणि गोजराबाईला त्याच्या मुठीतून तिचं टोक तेवढं दिसलं. आपण साखर आणायला गेलो तेवढ्यात त्यानं ती दिली, असं तिनं धरलं.

"येळंवर सुई दिली म्हणून वाचली बाई," ती डोळे पुसत बायकांना सांगायला लागली. "साखरपाणी आपलं अशक्तपणाला. पर सुईनंच वाचली. माझ्या भावाच्या हाताला गुणच हाय. आता घरात सुई असूच द्यायची, किशोर. मला बी शिकीव. तू नसलास तर मी देईन."

"खरंच गुण हाय दादांच्या हाताला," कुणीतरी म्हणालं. कुणी त्याला बसायला खुर्ची सरकवली, कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला. आठ महिन्यांनी माणसं त्याच्याकडे अशी बघत होती. किशोर ताठ उभा राहिला. ते त्याला आवडलं, फार आवडलं. त्यानं साधनाकडे बघितलं. ती आता पुरती शुद्धीवर होती आणि त्याच्याकडेच बघत होती. तिनं पदर तेवढा पोटावर ओढून घेतला.

गोजराबाई अजून सांगतच होती.

"सुई दिली न्हाई, आक्का," किशोर म्हणाला.

"आं?"

"भरली हुती. टोचायलाच बसलो हुतो. टोचली असती तर आता हितं रडारड झाली असती." त्यानं मूठ उघडून भरलेली सुई दाखवली. "साखर चढली न्हवती, खाली गेलती. असं कधी झालं तर कुणी हिला सुई द्यायची न्हाई. तू बी न्हाई, मी बी न्हाई. आधी मशीन लावायचं."

मग पलंगावरून साधनाचा बारीक आवाज आला.

"दवाखान्यातल्या मॅडम म्हणल्या हुत्या. गोड पातळ पिऊ नका, आधी चढतंय आन मागनं साखर धाडदिशी खाली येती. हे तवा भाडेकरूच्या फोनवर भायेर हुते."

"मग बोलली का न्हाईस गं मला?" गोजराबाईचा आवाज फुटला.

"माझ्याच जिवासाठी नवस बोलला हुता तुमी. म्या कसं न्हाई म्हणायचं?"

गोजराबाई उंबऱ्यात मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. बायकांनी तिला धरून मांडवाकडे नेलं.

खोलीत दोघंच राहिली. किशोर कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेला आणि दट्ट्या दाबून सुई रिकामी करायला लागला.

"मी बोललो नसतो," तो पाठमोराच म्हणाला, "तर तू सांगितलं असतंस का?"

"न्हाई."

"अगं, पुढच्या खेपेला आक्कानं खरंच दिली असती."

"ठावं हाय मला."

"मग?"

साधनानं उशी सारखी केली. "आठ म्हैन्यांत आज पैल्यांदा तुमी असं ताठ हुबं राह्यला," ती म्हणाली. "माझ्यानं मोडवंना ते."

किशोरनं नळ पुरा सोडला, मांडवापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून, आणि त्या पाण्याच्या आवाजात तो पोरासारखा रडला.