रिकामा पट्टा

मंजुषाला कुत्रं नको होतं. मांजर नको, पोपट नको, काचेच्या भांड्यातला मासासुद्धा नको. नवरा योगेश अंबडच्या कंपनीत पाळ्या करून घरी यायचा तो आडवा व्हायलाच. लेक वेदिका पाचवीत, म्हणजे तोंडाने पटाईत आणि हाताने आळशी. मग उरलं कोण? शिलाई मशीनवर ब्लाउजांचा ढीग घेऊन बसलेली मंजुषा. केस झाडायचे तिने, शी उचलायची तिने, आणि वर गावाला जायची सोय नाही. "मुक्या जनावराला घरात कोंडून जाता येतं का कुठे?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

पण देवळ्याला आजीच्या मळ्यातली कुत्री व्याली आणि वेदिकाने आईचं डोकं खायला सुरुवात केली. जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी गणपती बसले त्या दिवशी मंजुषाने शक्कल लढवली.

"बरं, दसऱ्यापर्यंत कुत्र्याशिवाय कुत्रं पाळून दाखव. रोज सकाळी पट्टा घेऊन मैदानापर्यंत चक्कर. दोन्ही वेळा ताटलीत भाकरी, पाणी. नावाने हाक मारायची, बोलायचं. एकदा जरी चुकलीस तरी विषय बंद."

"आणि नाही चुकले तर?"

"तर आजीकडून पिल्लू आणू. शब्द देते."

शब्द द्यायला काय जातंय! पोरगी दोन दिवसांत कंटाळणार याची तिला खात्री होती. योगेश म्हणालाही, "तू वकीलच व्हायला हवं होतंस."

वेदिकाने नाव ठेवलं टिल्लू. जिन्याखाली गोणपाट अंथरलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल पट्टा आणला आणि भर दुपारी रिकाम्या गोणपाटाकडे बघून हाक मारली, "टिल्लू, ये रे, ये!" मंजुषाला तर हसू आवरेना.

पण पोरगी कंटाळेचना. जिला शाळेसाठी उठवताना घसा बसायचा, ती आता दूधवाल्याच्या आधी पट्टा घेऊन बाहेर. पितृपक्ष लागला तरी नेम चुकला नाही. एका सकाळी मंजुषा गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात मैदानाकडून वेदिका येताना दिसली. तिच्या हातातला पट्टा लोंबत नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीवर तो पुढे ताणलेला होता, आणि "अरे हळू, हळू" म्हणत वेदिका मागून ओढली जात होती. कोपऱ्यावरची भटकी कुत्री, एरवी कुणालाही न सोडणारी, शेपट्या पायांत घालून रस्त्याच्या कडेला सरकली. मंजुषाच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला.

"भाकरी कुठे टाकतेस गं रोज?" संध्याकाळी तिने विचारलं.

"टाकत नाही. तो खातो."

"वेदे, नाटकं पुरे हं."

"तूच म्हणालीस ना, रोज घाल म्हणून?"

उंदीर असतील, योगेश म्हणाला. मंजुषाने पिंजरा लावला. उंदीर सापडला नाही आणि ताटली मात्र पुसल्यासारखी स्वच्छ. दुपारी एकटी असताना मशीन थांबवली की मागे फरशीवर नखं वाजायची. टक, टक, टक. वळून पाहावं तर काही नाही. तिला भीती वाटली, सरळ सांगायचं तर भयंकर भीती वाटली. पण सांगणार कोणाला? हा उद्योग तिचाच. दसरा आला की संपेल सगळं, असं म्हणून ती पुन्हा मशीन सुरू करायची, जरा जोरातच.

दसऱ्याला तिघं देवळ्याला निघाली. दाराशी वेदिका घुटमळली. "टिल्लूचं काय?"

"परीक्षा झाली ना? पास झालीस. आता खरं आणायचं." मंजुषाने पट्टा खुंटीला अडकवला, दाराला कुलूप लावलं आणि तिला हलकं हलकं वाटलं.

मळ्यात बायडाबाई, योगेशची आई, चुलीपुढे बसल्या होत्या. मांडीवर पिल्लू घेऊन वेदिकाने त्यांना परीक्षेची सगळी गंमत सांगितली. भाकरी थापता थापता म्हातारीचा हात थांबला.

"रिकामा पट्टा फिरवला? रोज? नाव घेऊन?"

"हो आजी! एकदासुद्धा चुकले नाही."

"आगं बया!" बायडाबाई सुनेकडे वळल्या. "रिकामा पाळणा हालवू नये, येवढं तरी ठावं हाय का नाय तुला? हाक मारली की कोन तरी ऐकतं. ज्याला कुनीच हाक मारत नाय ना, ते लय लांबून ऐकतं."

"काहीतरीच काय आत्याबाई," मंजुषा म्हणाली.

"आन् आता कोन हाय घरी त्याच्यापाशी?"

"कोणी नाही," वेदिका म्हणाली, आणि तिचा चेहराच पडला. "आम्ही कुलूप लावून आलो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिघं परत आली. कुलूप जसंच्या तसं होतं. योगेशने दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं. जिन्याखालचं गोणपाट दाराला येऊन अडकलं होतं. ताटली पालथी, पाण्याचं भांडं कोरडं ठाक. खुंटीवरचा लाल पट्टा उंबऱ्याशी पडलेला, चावून चावून चिंध्या झालेला. आणि दारावर आतल्या बाजूने ओरखडेच ओरखडे, रंग जाऊन आतलं लाकूड दिसेपर्यंत. वेदिकाच्या कुशीतलं पिल्लू केविलवाणं किंचाळलं, तिच्या हातांतून निसटलं आणि फाटकाबाहेर योगेशच्या गाडीखाली जाऊन बसलं.

"आपण कुणाला तरी दाखवून घेऊ," योगेश म्हणाला. "पूजा करू, शांत करू."

वेदिका घाबरलीच नाही. गुडघ्यांवर बसून तिने त्या ओरखड्यांवरून हात फिरवला. "आई, तो दाराशीच बसून होता गं. आपण त्याला कोंडून गेलो." मग उठून बापाला म्हणाली, "पप्पा, पिल्लाला आजीकडे सोडून या. त्याची आई आहे तिथे."

योगेश पिल्लू घेऊन तसाच माघारी निघाला. वेदिका रडून रडून कॉटवर झोपी गेली. मंजुषाने ताटली उचलली. आता ही बाहेर फेकायची आणि दार लावून घ्यायचं, एवढंच तर काम. पण नजर पुन्हा दाराकडे गेली. एके ठिकाणी ओरखडे पार कडीपर्यंत चढले होते. बिचारं दोन पायांवर उभं राहिलं असणार. वेदिका लहान असताना बालवाडीच्या दाराला अशीच नखं लावून रडायची आणि मंजुषा मागे वळून न बघता चालू लागायची. आपणच याला बोलावलं, खाऊ घातलं, आणि काम झाल्यावर कुलूप लावून गेलो.

तिने पीठ मळलं, तवा ठेवला. गरम भाकरी दुधात कुस्करून ताटली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

"टिल्लू," तिने पहिल्यांदाच हाक मारली. "ये रे."

बराच वेळ काही नाही. मग जिन्याखालून टक, टक, टक. ताटली जराशी हलली, दूध खाली खाली गेलं. आणि तिच्या पावलावर काहीतरी येऊन टेकलं, थंडगार, जड. ती ओरडणार होती. ओरडली नाही. हळूहळू ते वजन ऊब धरू लागलं, संथ श्वास घेऊ लागलं.

फोन वाजला. सटाण्याहून तिचा भाऊ रवी बोलत होता. "ताई, भाऊबीजेला येतेस ना? दरवर्षीसारखं चार दिवस राहायचंच हं."

"नाही रे जमायचं. यंदा तूच ये."

"का गं? काय झालं?"

मंजुषा पाय न हलवता, दबक्या आवाजात म्हणाली, "घरात मुकं जनावर आहे रे. त्याला कोंडून येता येतं का?"